गीताबाईची झील

बोरीच्या सिद्धोधनचं गाणं म्हणजे मीठ-भाकर. एक एकतारी, एक आवाज, बस्स. रचायचाही तोच, गायचाही तोच. ओळ म्हणायची आणि चांगलं दोन श्वास थांबायचं. घरात महागडे स्पीकर बाळगणारे पुण्या-परभणीचे शौकीन त्याच्या रेकॉर्डिंगमधल्या त्या थांबण्यावर जीव टाकत, ‘काय ती शांतता’ म्हणत माना डोलवत. अरे बाबांनो, शांतता कसली, ती गीताबाईची जागा. नवऱ्यानं ओळ म्हणायची, बायकोनं मागून सूर धरून झील ओढायची, असा त्या घरचा रिवाज होता. गीताबाई वारली, पण तिची जागा भरून टाकणं सिद्धोधनला पटलं नाही.

दिनकरराव असल्याच शौकिनांतले, परभणीचे निवृत्त मास्तर. त्यांच्या स्पीकरवर मुंगी चालली तरी ऐकू यावी. एका दुपारी त्यांना त्या शांततेत बाईचा आवाज ऐकू आला, बारीक पण स्वच्छ. त्यांनी पुण्याच्या मित्रांना विचारलं. त्यांनीही तो ऐकला होता, पण लोक वेड्यात काढतील म्हणून कोणी बोललं नव्हतं.

कळल्याबरोबर सिद्धोधन एसटीनं परभणीला आला. पण त्याची उभी उमेद कापसाच्या जिनिंगच्या मशिनींपाशी गेलेली, कान कधीच कामातून गेलेले. गाताना एकतारीचा भोपळा गालाला टेकवून हाडातून सूर धरायचा, तेवढंच. त्यानं स्पीकरला एक कान लावला, मग दुसरा. काहीच नाही. साऱ्या जगाला ऐकू येते आणि ज्याची बायको त्यालाच नाही, या विचारानं त्याला रडू फुटलं.

“साहेब, काय म्हनायली ती? तुमीच सांगा.”

दिनकररावांनी आवाज वाढवला. आज ती झील ओढत नव्हती. नवऱ्याची ओळ संपायचीही वाट बघत नव्हती. सिद्धोधनच्या कानाशी तोंड नेऊन मास्तर ओरडले, “त्या विचारतात, अवो, आइकू यायलंय का?”

सिद्धोधननं दोन्ही हातांनी स्पीकर धरला आणि त्यावर कपाळ टेकवलं.

“यायलंय गं,” तो म्हणाला. “समदं आइकू यायलंय.”

गाणं पुढं चालू होतं. ओळ आली, मग रिकामी जागा. पुन्हा ओळ, पुन्हा रिकामी. दिनकररावांनी घाईघाईनं जुनी गाणी लावून पाहिली. एकातही ती नव्हती.

“काय म्हनली?” सिद्धोधननं डोळे पुसत विचारलं.

“हसल्या,” दिनकरराव म्हणाले.