अकरा हेल्मेटांची राखण

फणसवाडीतली सरोजिनी दाबके अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटरसायकल शिकली, आणि का शिकली ते तिने कुणालाही सांगितलं नाही. शिकवणाऱ्या परळच्या प्राचीने बजावलं होतं, काकू, एवढं जड धूड कशाला, स्कूटर घ्या. सरोजिनीला तेच धूड हवं होतं. ते तिच्या नवऱ्याचं होतं.

रघुवीर दर डिसेंबरात बँकेतल्या मित्रांबरोबर मोटरसायकलीवरून नेरळला जाई आणि तिथून माथेरानच्या छोट्या गाडीने वर. त्या मित्रांचा एक नियम होता. छोट्या गाडीची तिकिटं मोजकी, म्हणून ती चालवणाऱ्यांची. मागे बसून आलेल्याने फलाटावर सगळ्यांची हेल्मेटं राखायची. मागे सहसा कुणी नसेच, त्यामुळे नियम सगळ्यांना गमतीचा वाटे.

लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात रघुवीरने तिला नेलं. नियम तिला फलाटावर पोचल्यावर कळला. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ती नव्या साडीत अकरा हेल्मेटांपाशी बसली. ती सोडून उठता येत नव्हतं, म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. वरून उतरल्यावर त्या मित्रांतला रमाकांत म्हणाला होता, वहिनींची नोकरी पक्की. सगळ्यांत मोठ्याने रघुवीर हसला. तिने भांडण केलं नाही. लोणच्यासारखं मुरू दिलं.

गेल्या वर्षी काचबिंदूने रघुवीरची बाजूची नजर नेली. डॉक्टरांनी मोटरसायकल बंद केली. तो दुपारभर नुसता किल्ली हातात घेऊन बसे. सरोजिनी वेळच्या वेळी त्याच्या डोळ्यांत औषध घाली, आणि सकाळी परळच्या मैदानात घामाघूम होई. लायसन्स आलं त्या दिवशी ती म्हणाली, या डिसेंबरात मी नेते तुम्हाला. त्याचे डोळे भरून आले. ती कुकर उतरवायला आत गेली.

आता मित्र सहाच उरले होते. शीव, पनवेल करत सगळे नेरळला पोचले. रघुवीर तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरला. रमाकांतने आपलं तिकीट त्याच्यापुढे धरलं.

"रघ्या, तू जा वर. मी बसतो इथं."

"नियम आहे ना, भावजी?" सरोजिनी म्हणाली.

तिने स्वतः एकेक हेल्मेट आणून बाकावर त्याच्या कडेने मांडलं. रघुवीर हसला. बरोबर आहे तिचं, म्हणाला, आणि मग अगदी निर्मळपणे, "मजा बघ. इतक्या वर्षांत इथं कुणाला बसावंच लागलं नाही. मीच पहिला."

त्याला आठवतच नव्हतं. तेहतीस वर्षं जपून आणलेली थप्पड त्याला ओळखूच येत नव्हती.

"पहिले नाही तुम्ही," ती म्हणाली. "लग्नानंतरचा डिसेंबर आठवा. मी संध्याकाळी उतरेन. वेळ भरपूर आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मान पूर्ण तिच्याकडे वळवून, कारण आता त्याला समोरचंच दिसायचं. त्याचं हसू जाईपर्यंत ती थांबली, मग डब्यात चढली.

गाडी इतकी हळू चढत होती की उतरून चालता आलं असतं. रमाकांतने एकदा दरी दाखवली. तिने पाहिली.

दुपारी परतीच्या पहिल्या गाडीला मित्र बसले. सरोजिनी म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीने येते. खाली आपापलं हेल्मेट उचलताना ते रघुवीरला विचारणार होते, वहिनी कुठे राहिल्या, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार होतं.

गाडी वळणाआड गेल्यावर फोन वाजला.

"सरू, आठवलं मला," तो म्हणाला. "साडी हिरवी होती ना?"

"मोरपिशी."

"तू आत्ताच्या गाडीने येतेयस ना?"

"ती गेली," ती म्हणाली, आणि माकडांपासून पर्स सावरत सावलीतल्या बाकाकडे वळली.