बसा खाली म्हणणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाईंचे कुणी पाय धरले की त्या पाय मागं घेत आणि म्हणत, "बस खाली." पाय धरणारा आधीच वाकलेला असे. तो गोंधळून तिथंच जमिनीवर बसे. मग बाई त्याच्यापुढं लसणाचं ताट सरकवत. "सोल. हात रिकामे असले की मानसाला पाया पडायचं सुचतंय."

आभाराचा एवढा तिटकारा असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. खरं तर त्यांना तिटकारा कशाचा नव्हता, हेच सांगणं सोपं जाईल. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की त्या बाकावर मोठ्यानं जांभई देत. गायनमंडळातल्या बायकांना त्या 'कोंबड्या' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. श्रीमंत त्यांना आवडत नसत, पण गरिबांचंही त्यांना कौतुक नव्हतं. "गरीब म्हंजे देवमानूस अस्तो, हे कुनी सांगितलं तुला? गरीब बी लबाड अस्तो. भूक लागलेला लबाड. त्याला आधी जेवू घाल, मग लबाडी बघू."

लातूरहून औशाकडं जाताना वाटेत लागतं ते आमचं गाव. बाई मूळच्या बिलोलीच्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. त्या नन नव्हत्या. नर्स म्हणून सिस्टर, आणि वयानं मोठ्या म्हणून बाई. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, "दवाखान्यात रोज पुरुषमानसं उघडी बघितली. हौस फिटली."

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या, सेवेच्या कामांत खरं म्हणावं असं एकच काम होतं, ते म्हणजे सोमवारचं जेवण, आणि ते बाईंचं होतं. सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक व्हरांड्यात बसून असत. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची म्हणून बाईंनी सोमवार धरला होता. भाकरी, लसणाची फोडणी दिलेलं वरण आणि एखादी पालेभाजी. मंडळीतल्या ज्या कुणाला 'सेवा' करायची असेल त्यानं यावं, पण बाईंचा एक नियम होता. वाढणाऱ्यानं त्याच पंगतीत, त्याच भांड्यातलं जेवायचं. नुसतं वाढून घरी जायचं नाही.

हा नियम ऐकला की निम्म्या लोकांची सेवा संपत असे. एकदा मंडळीतल्या एका मास्तरांची बायको पदर खोचून आली, झकास वाढलं, आणि जेवायची वेळ आल्यावर म्हणाली, "बाई, मी घरूनच जेवून आले बघा."

"मग उद्यापासून गोठ्यात जा," बाई म्हणाल्या. "म्हशीला चारताना कुनी संगं बसत न्हाई."

ती पुन्हा आली नाही. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

नाताळच्या आधी मंडळीत जुने कपडे गोळा होत. लोक काय देत असत ते आता आठवलं तरी किळस येते. काखेत विरलेली पोलकी, नाडी नसलेले परकर, एका पायाचे मोजे. बाई गाठोडं सोडून एकेक कपडा उजेडात धरत आणि फाटका निघाला की बाजूला ठेवत. मग ते सगळे फाटके कपडे स्वच्छ धुऊन, वाळवून, घडी घालून ज्याचे त्याला परत नेऊन देत. घरात शिरत नसत. कंपाउंडच्या भिंतीवर लुगडं पसरून रस्त्यावरूनच हाक मारत, "अहो, तुमचं लुगडं मंडळीत इसरलं होतं!" शेजारीपाजारी बघत. दोन वर्षांत आमच्या मंडळीत धड कपडे येऊ लागले.

माझी आई मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, धान्य निवडायला जायची. वडील आम्हाला सोडून मुदखेडला दुसऱ्या बाईकडं राहायला गेले होते. रेशनकार्ड त्यांच्या नावावर आणि त्यांच्याच खिशात. आई बाईंकडं तांदूळ मागायला गेली, तेव्हा बाईंनी एकदा तांदूळ दिले आणि दुसऱ्यांदा आली तर दिले नाहीत. "दर आठवड्याला मी दिऊ का? मी काय सरकार हाय? चल तहसीलला."

तहसीलचा कारकून म्हणाला, "उद्या या." बाई म्हणाल्या, "उद्या कशाला? आमी हितंच बसतो." त्या त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या, पिशवीतून सोमवारचा लसूण काढला, निम्मा आईच्या पदरात टाकला आणि सोलू लागल्या. पंख्यानं सालं उडून कारकुनाच्या कागदांवर जाऊ लागली.

"बाई, हे ऑफिस आहे," तो म्हणाला.

"हाव, दिसतंय ना. म्हनूनच तर आलो. तुमी तुमचं काम करा, आमी आमचं करून राहिलो."

दुपारपर्यंत साऱ्या कचेरीला फोडणीआधीचा वास सुटला. आईच्या नावाचं कार्ड पुढं झालं ते तिथून. कार्ड हातात पडल्यावर आई सवयीनं त्या कारकुनाच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला दंडाला धरून सरळ केलं. "त्यानं उपकार केले न्हाईत. काम केलंय. ते बी उशिरा."

आता मंडळीच्या सेक्रेटरींविषयी सांगायला हवं. बाई त्यांना 'माईक' म्हणत, कारण माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जाई. मंडळीच्या प्रत्येक वाटपाला ते असत. चार पोरांना वह्या द्यायच्या तर अख्खी कमिटी स्टेजवर खुर्च्या टाकून बसे, आणि वही घेणाऱ्या पोराला फोटो निघेपर्यंत वही सोडता येत नसे, कारण दुसरं टोक सेक्रेटरींनी धरलेलं असे. सोमवारच्या जेवणाला ते कधी आले नाहीत. त्यांचा दिवस म्हणजे साक्षीचा रविवार.

साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. चांगली जुनी रीत आहे. ज्याला मनापासून वाटेल तो उठतो आणि बोलतो. सेक्रेटरींनी तिची वसुली करून टाकली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी, ज्यांना मंडळीनं वर्षभरात मदत केली त्यांनी एकामागून एक उठायचं आणि आपली दशा सांगायची. पुण्याहून देणगी देणारे पाहुणे बोलावलेले असत. ज्याची दशा जास्त वाईट त्याला आधी उठवत. विधवा रडल्या की पाहुणे रुमाल काढत, आणि सेक्रेटरी पाहुण्यांकडं असे बघत, जसं काही ते रडणं त्यांनीच शेतात पिकवलं होतं.

मी बारावी झाले, आणि नांदेडला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायची होती. तिथं मंडळीची शिफारस लागे. ती मिळाली नाही तर कॉलेज नाही. मग आईबरोबर मोंढ्यात चाळण घेऊन बसायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. सेक्रेटरी स्वतः आमच्या दारात आले.

"पोरी, शिफारस देऊ आपण. रविवारी तुझी साक्ष आहे. वडिलांचं नीट सांग. ते कुठं असतात, कुणाबरोबर असतात, सगळं. आडपडदा नको. आणि रडू आलं तर येऊ दे, दाबू नको."

आई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. ते गेल्यावर थोड्या वेळानं म्हणाली, "रविवारी मला मोंढ्यात काम हाय. तू जा."

ही गोष्ट मी सोमवारी भाकरी थापताना बाईंना सहज सांगितली. आई येणार नाही, मोंढ्यात काम आहे, म्हणून. बाईंचे हात थांबले.

"रविवारी मोंढा बंद अस्तो," त्या म्हणाल्या.

मी पुढची भाकरी थापायला घेतली. त्या दिवशी वरणात मीठ पडायचं राहिलं आणि कुणी तक्रार केली तर, "मीठ घरून आणायचं," असं खेकसल्या.

रविवारी त्या सकाळीच आमच्या घरी गेल्या आणि आईला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन आल्या. मधल्या वाटेनं चालत नेऊन, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या पहिल्या बाकावर तिला बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. आईच्या अंगावर रोजचं लुगडं होतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून अशी बसली होती, जशी दवाखान्यात सुई घ्यायला बसावी.

सेक्रेटरींनी माझं नाव पुकारलं. मी उठले.

"थांबा," बाई उठून म्हणाल्या. "क्रमानं जाऊ. मंडळीत आधी ज्यानं घेतलं, त्यानं आधी सांगावं. मीच सुरू करते. बिलोलीहून मला आनलं तवा डोक्यात उवा आन् अंगावर पोतं होतं. मिशनच्या मडमेच्या उतरलेल्या फ्रॉकवर मी शिकले. झाली माझी साक्ष. आता सेक्रेटरी, तुमची."

"माझी?" सेक्रेटरी हसले. "बाई, मी तर..."

"तुमी इतक्या लोकांची साक्ष घेतली, पर तुमची आमी कधी ऐकली न्हाई. तुमचे वडील ह्या मंडळीत कुठनं आले, कसे आले, त्यांना कुनी उचलून आनलं, तेवढं सांगा. आडपडदा नको. रडू आलं तर येऊ द्या."

सेक्रेटरींचं हसू तोंडावरच वाळलं. त्यांच्या वडिलांची गोष्ट जुन्या बाकांवरच्या सगळ्यांना ठाऊक होती. पुढं मलाही कळली. बाईंनी ती तिथं सांगितली नाही, म्हणून मीही इथं सांगत नाही. आमच्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून आलेले. प्रत्येकाच्या घरात एक अशी गोष्ट झाकून ठेवलेली आहे, आणि प्रत्येकजण त्या रविवारी दुसऱ्याची उघडी गोष्ट ऐकायला इस्त्रीचे कपडे घालून आलेला होता.

"न्हाई सांगवत ना?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आपल्या बापाची लाज वाटती ना? मग बसा खाली."

सेक्रेटरी बसले. माईक हातातच राहिला आणि त्यांचा श्वास साऱ्या चर्चभर ऐकू येत राहिला.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "तू काहून उभी हाईस? बस खाली."

पाळकसाहेबांनी घाईनं एक गीत सांगितलं. कोंबड्या गायल्या. पुण्याचे पाहुणे एकमेकांना काय झालं म्हणून विचारत होते, आणि त्यांना सांगायला कुणी तयार नव्हतं.

सेक्रेटरींनी अर्थातच शिफारस अडवून धरली. बाई पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. सोबत आई होती आणि लसणाची पाटी होती. पाळकसाहेब भला माणूस, पण भित्रा. घरात येणारा जाणारा प्रत्येकजण व्हरांड्यात थबकून विचारू लागला, तसा त्यांनी स्वतःच्या सहीनं कागद दिला. पुढच्या जूनला साक्षीचा रविवार झाला नाही. तो बंद केल्याचं कुणी जाहीर केलं नाही. कुणाला तरी माईक हातात घेऊन ते जाहीर करावं लागलं असतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज मुदखेडच्या एका शाळेत शिकवते. त्याच गावात माझे वडील कुठं तरी राहतात. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन बाईंकडं गेले आणि, काय करणार, पाया पडायला वाकले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "बी. ए. झालीस म्हंजे आता साहेब लोकांसारखी रिकामी बसनार का?" आणि ताट सरकवलं. पेढे त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात वाटून टाकले. कोणी दिले ते सांगितलं नाही.

बाई गेल्या वर्षी वारल्या. रविवारी त्यांना पुरलं. कबरस्तानात आमची मंडळी होती, पण तिच्याहून जास्त माणसं बाहेरची होती. मोंढ्यातल्या बायका, दवाखान्याचे झाडूवाले, रिक्षावाले, आणि ज्याच्या टेबलावर सालं उडाली होती तो कारकून, आता निवृत्त झालेला. सेक्रेटरी फार थकले होते. तरी कुणी तरी त्यांच्यासाठी बॅटरीवरचा माईक आणला होता.

"सिस्टरबाईंनी ज्यांना ज्यांना मदत केली," ते म्हणाले, "त्यांनी पुढं येऊन एकेक शब्द बोलावा. कुणी यायला तयार नसेल तर मीच सुरुवात..."

"बसा खाली."

मी वळून पाहिलं. आई होती. चर्चमध्ये सोडाच, रेशनच्या रांगेतही तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. कबरस्तानात बसायला जागा नव्हती. सेक्रेटरींनी इकडं तिकडं पाहिलं आणि शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर टेकले. आईनं वाकून मूठभर माती घेतली आणि खड्ड्यात टाकली. मग सगळ्यांनी एकेक मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी सुट्टी काढून थांबले होते. चर्चमागच्या खोल्यांत आईनं चूल पेटवली, मोंढ्यातल्या दोघी भाकरीला बसल्या, आणि सेक्रेटरी दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात मोबाईल होता. बाईंच्या नावानं हे काम पुढं चालू राहिलं आहे, तर एक फोटो घ्यावा, असं त्यांना वाटत होतं.

आईनं त्यांच्यापुढं लसणाचं ताट सरकवलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पीठ चाळत होते, चाळत राहिले. शेवटी त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, गुडघे धरत खाली बसले आणि एक पाकळी उचलली. साल निघेना. नखानं ओरबाडून ओरबाडून त्यांनी तिचा पार चुरा केला.

आईनं तो चुरा बाजूला सारला.

"एवढं बी येत न्हाई," ती म्हणाली, आणि दुसरी पाकळी त्यांच्या हातात दिली.