ड्रायव्हर गेला, बाबूजी!

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी बिघडवला, तेव्हा तो अगदी व्यवस्थित चालत होता. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायची हिंमत राहणार नाही.

मी तिरोड्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो पुतणीकडून. पल्लवी नागपुरात इंजिनिअर आहे. तिने नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. देताना म्हणाली, "काकाजी, यात लिनक्स आहे. व्हायरसची भीती नाही. तुम्ही फक्त एकच करा, काही करू नका!"

आता हे म्हणजे माशाला पोहू नको सांगण्यासारखं झालं. मला स्वस्थ बसवत नाही. रेल्वेचं फाटक बंद असलं की मी स्कूटरवरून उतरून रुळांकडे बघत येरझारा घालतो. (मी बघितल्यामुळे गाडी लवकर येते, असा माझा अनुभव आहे. मागचे लोक काय म्हणतात ते मी ऐकत नाही.)

माझी बायको नंदा माझ्या अगदी उलट. ती बेलटोल्याच्या शाळेत शिक्षिका आहे. मागच्या पावसाळ्यात त्या गावातल्या चैतरामच्या शेतात सारसाच्या जोडीने धानाची रोपं उपटून, ऐन बांधीच्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याच्या, मधोमध घरटं केलं. चैतराम काठी घेऊन निघाला होता. नंदाने ते मोबाइलवर टिपत टिपतच त्याला कसंबसं थांबवलं आणि मग तीन महिने रोज पहाटे चिखलात उभी राहून त्या पक्ष्यांचं चित्रीकरण केलं. अंडी, पिल्लू, सारसांचा नाच, सगळं! त्याचा बारा मिनिटांचा सिनेमा तिने त्या कॉम्प्युटरवर तयार केला. तो रविवारी दुपारी चार वाजता बेलटोल्याच्या समाजमंदिरात दाखवायचा होता. जोडी परत फिरकू लागली होती. यंदा घरटं झालं तर ठेवायचं की मोडायचं, हे गाव त्या दिवशी ठरवणार होतं. सोमवारपासून लोक शेतात अडकणार, मग कुणी जमणार नाही.

सकाळी आठ वाजता नंदा स्कूटर काढताना म्हणाली, "अहो, मी पडदा लावायला पुढे जाते. तुमचं एकच काम. टेबलावर पेन ड्राइव्ह आहे, त्यात सिनेमा घ्या. दोन वाजता इस्तारी मेटाडोर घेऊन येईल. प्रोजेक्टर, खुर्च्या आणि तुम्ही, तिघेही त्यात बसून या!"

काम पाच मिनिटांचं होतं. माझ्याकडे सहा तास होते. घात तिथेच झाला.

कॉपी करण्याआधी म्हटलं, एकदा बघून तर घ्यावा. बघायला लागलो. सारस नाचायला लागले आणि मी पडद्याला नाक लावलं. पक्षी पंख उघडायचा, थांबायचा, पुन्हा थोडा उघडायचा, पुन्हा थांबायचा. तो नाचत नव्हता, त्याला उचकी लागली होती! तीन महिन्यांची मेहनत आणि गावापुढे असा अडखळता सारस? मी तो तिथेच थांबवून तडक पल्लवीला फोन लावला.

"काकाजी, त्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मी टाकलाच नव्हता. त्याच्याशिवाय चित्र अडकत चालतं. पण फाइल..."

मी फोन ठेवला. (पुढचं वाक्य "पण फाइल चांगली आहे, दुसरीकडे नीट चालेल, आज कशालाही हात लावू नका" असं होतं. ते मला दुपारी दीड वाजता ऐकायला मिळालं.)

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला शिकवणारा दुभाष्या, एवढं मला इंटरनेटवर कळलं. तिथे एक पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी, फक्त चार ओळी.' मी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, पहिली ओळ टाइप केली. तिने पासवर्ड विचारला. मी टाइप करतोय, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना! जोरात दाबलं. आणखी जोरात दाबलं. कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून पोह्याचे चार दाणे आणि एक मुंगळा पडला. पासवर्ड काही पडला नाही. नंदाच्या शाळेचा दुसरा कीबोर्ड कपाटातून काढून लावला, त्याचंही तेच! शेवटी वैतागून तसाच आंधळेपणाने टाइप केला आणि खिडकी भराभर पळायला लागली. पासवर्ड मुद्दामच दिसत नाही म्हणे. देवापुढे नवस मनातल्या मनात बोलतात, तसा तो बोलायचा असतो!

मग तिने विचारलं, पुढे जाऊ का? मी लिहिलं, 'हो'. तिने काम रद्द केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा मी 'हो', पुन्हा रद्द! तेवीस वर्षं मराठी शिकवतोय, 'हो'चा अर्थ 'नाही' लावणारी (घरच्यांखेरीज) ही पहिलीच. तिला इंग्रजी 'वाय' हवा होता.

चारही ओळी झाल्या. त्यांच्याखाली बारीक अक्षरात पाचवी होती, 'हे जुन्या कार्डांसाठी आहे, नव्यांसाठी वापरू नये.' आमचं नवं होतं.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी दुसरं पान उघडलं. ते म्हणालं, आधी टाकलेला ड्रायव्हर काढा. काढायला घेतला. अर्ध्यावर तिसरं पान जास्त सोपं वाटलं, म्हणून दुसरं सोडून तिसरं धरलं. त्याने सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून सुरू करा.

बंद केला. सुरू केला. पडदा काळाकुट्ट! डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ तेवढी लुकलुकत होती. दुपारचे बारा वाजले होते. घड्याळात आणि माझेही.

ओसरीवर बाबूजी बसले होते. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. उभी हयात राइस मिलच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना निम्मंच ऐकू येतं. उरलेलं निम्मं ते स्वतः बनवतात.

"काय झालं बे? काऊन असा धावून राहिला?"

"ड्रायव्हर गेला, बाबूजी!" मी फोनला रेंज शोधत ओरडलो.

"गेला? कवा?"

"आत्ता! माझ्या डोळ्यांदेखत!"

एवढं बोलून मी आतल्या खिडकीशी गेलो, कारण तिथेच पल्लवीचा आवाज नीट येतो. बाबूजींना ड्रायव्हर माहीत होता तो एकच, इस्तारी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारच्या शेवंताबाईंना हाक मारली.

पुढचा अर्धा तास बाहेर काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. बाहेर मात्र माझा शब्द न् शब्द ऐकू जात होता.

"अगं, जुना ड्रायव्हर काढत होतो मी!" मी खिडकीतून ओरडत होतो. "पूर्ण निघालाच नाही! अर्धा बाहेर आला, अर्धा आतच अडकलाय!"

"अगा बापा!" बाहेरून शेवंताबाईंची किंकाळी आली. मला वाटलं, मांजराने दूध सांडलं.

रेंज कमी म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. पल्लवीचा आवाज आळीभर घुमला, "काकाजी, घाबरू नका. आता त्याला पूर्ण साफ करून टाकू. मागे काहीच राहायला नको!"

बाहेरच्यांच्या लेखी आतापर्यंत तो अपघात होता, आता दुसरंच काही झालं होतं. नंतर कळलं, पानटपरीवाल्या देवाजीने हळूच विचारलं होतं, "पोलिसायले सांगा लागते का जी?" आणि बाबूजी म्हणाले होते, "माहा पोरगा तसा नाही जी. हात लावते त्या चीजेचं वाटोळं होते, एवढंच."

तेवढ्यात नंदाचा फोन मधे घुसला.

"अहो! इस्तारी गेला म्हणे! खरं आहे का? इथे सगळे बोलून राहिले!"

"इस्तारी? छे! माझा ड्रायव्हर गेला!"

"तुमचा कुठला ड्रायव्हर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग अगदी थंड आवाजात तिने विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला ना?"

"तसा लावला म्हणजे..."

"पेन ड्राइव्हमध्ये सिनेमा घेतला होता ना त्याच्या आधी?"

"नाही," एवढंच म्हणालो आणि ती आरडाओरडा करील म्हणून फोन कानापासून लांब धरला. तिने तो नुसता ठेवून दिला. तीन महिन्यांच्या पहाटा, चिखल, तिच्या पायांना झालेल्या चिखल्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी, सकाळपासून पहिल्यांदाच, मी खुर्चीवर स्वस्थ बसलो.

आणि अंगणात हॉर्न वाजला. इस्तारी! दोन वाजता यायचं ते पाऊण वाजताच आला, आमच्याकडे जेवण बरं असतं म्हणून. गाडीतून उतरला, तर पंचवीस-तीस माणसं अंगणात खाली माना घालून बसलेली. त्यानेही लगेच चेहरा पाडला, कडेला बसला आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

"इस्तारी."

"कोनता इस्तारी?"

शेजारच्याने वळून बघितलं आणि तो बसल्या जागेवरून तीन हात मागे सरकला. शेवंताबाई पुढे आल्या. त्यांनी इस्तारीला दंडावर असा चिमटा काढला की तो कोकलला. "जित्ता आहे!" त्यांनी जाहीर केलं.

"माह्या बायकोले तं नाही सांगतलं ना कोनी?" इस्तारीने विचारलं.

"दोघी जनी गेल्या ना सांगाले! मगाशीच!"

इस्तारी मेटाडोर सोडून पायीच पळाला. मी आत पळालो.

पल्लवीने मग मला तीन बटणं एकदम दाबायला लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती एकेक अक्षर सांगत होती, मी टाइप करत होतो.

"आता डॅश."

"डॅश म्हणजे वजाचं चिन्ह?"

"हो."

"आधी जागा सोडायची की नंतर?"

"काकाजी, आधी सोडा, आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका. दोन्ही हात मांडीवर ठेवा. ठेवले?"

"ठेवले."

"मग कीबोर्डचा आवाज कसला येतोय?"

मी हात मांडीखाली घालून बसलो. एकदा तर बाबूजींना माझे खांदे धरून उभं राहायला सांगितलं. अडीच वाजता कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. सकाळी होता तसाच, उचकीसकट! सिनेमा जागच्या जागी होता. मी तो पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि पेन ड्राइव्ह बनियनच्या खिशात घालून वरून हाताने दाबून धरला.

आता इस्तारी. त्याच्या घरी गेलो, तर बायको दारात आडवी उभी. रडून डोळे लाल झालेले.

"आज हे गाडीले हात लावत नाहीत! एक डाव मेल्याची बातमी आली ना? आता दुसऱ्या डावाची वाट पाहू का?"

"वहिनी, चूक माझी आहे. तो ड्रायव्हर कॉम्प्युटरमधला होता."

"कॉम्प्युटरात ड्रायव्हर कायले लागते? ते का कुठं जाते?"

मी हात जोडले. पक्ष्यांचं सांगितलं, नंदाचं सांगितलं, चार वाजताच्या कार्यक्रमाचं संकट सांगितलं. शेवटी तीन वाजता तोड निघाली. वहिनी स्वतः केबिनमध्ये इस्तारीशेजारी बसल्या आणि गाडी सायकलच्या वेगाच्या वर पळवायची नाही, असं ठरलं. मागे प्रोजेक्टर, खुर्च्या, मी, बाबूजी, शेवंताबाई आणि अंगणातली उरलेली सगळी मंडळी बसली. माणसं जमलीच आहेत तर सिनेमा तरी बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही समाजमंदिरात पोचलो. लोक उठायच्या बेतात होते. नंदाने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पेन ड्राइव्ह दिला. तो घामाने ओला होता. तिने पदराने पुसून शाळेच्या लॅपटॉपला लावला.

आणि सारस नाचला! असा सरळ, असा सुरेख, की जराही कुठे अडखळला नाही. पंख उघडून दोघं एकमेकांभोवती फिरले, माना वर करून ओरडले आणि समाजमंदिरातली पोरंसोरंसुद्धा गप्प झाली. मग पडद्यावर चैतराम दिसला, काठी घेऊन पक्ष्यांकडे निघालेला. सगळे हसले. त्यानंतर त्याच काठीला लाल फडकं बांधून घरट्याजवळची गुरं हाकणारा चैतराम दिसला. तेव्हा कुणी हसलं नाही.

सिनेमा संपत आला तसा खरा चैतराम उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "बाई, ते पिल्लू माह्या बांधीतलं होय. यंदा ते आले तं तेवढी बांधी मी रोवत नाही. पन त्यायले सांगून ठेवा, एकाच बांधीत राहा म्हनावं!"

मागून आणखी दोघांनी हात वर केले. नंदाने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं.

तेवढ्यात पडद्यावर नावं सरकायला लागली. छायाचित्रण, नंदा. विशेष आभार, चैतराम. आणि मग मोठ्या ठळक अक्षरांत, 'तांत्रिक साहाय्य : मोरेश्वर गुरुजी', म्हणजे मी!

टाळ्या! शेवंताबाईंनी तर शिट्टी मारायचा प्रयत्न केला. मी उठून चहूबाजूंना नमस्कार केला, मग नंदाशेजारी बसून हळूच म्हणालो, "अगं, एवढं कशाला?"

"महिन्यापूर्वी टाकलं होतं," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही दोन दिवस चिखलात माझ्यावर छत्री धरली होती म्हणून."

"आजचं सगळं झाल्यावरसुद्धा राहू दिलंस!" मी म्हणालो.

"दुपारी तुमचा फोन ठेवला, तेव्हाच काढून टाकणार होते," नंदा म्हणाली. "पण नाव काढायला कॉम्प्युटर चालू पाहिजे ना!"