समोरच्या मावशीचं काम सोडणं

काम सोडावं तर आमच्या समोरच्या मावशीनंच. मंगळवार पेठेत तिच्याइतकी कामं कुणी सोडली नसतील. चटणीच्या कारखान्यात पुड्या भरायचं तिचं काम. हात असा बसलेला, की वजनाचा काटा नुसता शोभेला; पण तोंड चटणीहून तिखट. एका मालकानं गार चहा दिला म्हणून तिनं काम सोडलं, दुसऱ्यानं ‘ए बाई’ अशी हाक मारली म्हणून. सकाळी सोडायची आणि दुपारी शेजारच्या कारखान्यात हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, थोडी वाढवून घेऊन बसलेली असायची. तेव्हा कारखाने पाच होते आणि पाचांनाही तिचा हात हवा होता. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण स्पर्धा म्हणजे काय, हे मला मावशीमुळंच नीट समजलं.

मग एका बड्या मालकानं एकेक करत पाचही कारखाने घेतले. पाट्या जुन्याच राहिल्या, त्यामुळं मावशीला ते कळलंच नाही. त्याच सुमारास तिच्या टेबलावर एक नवा गडी आला. काम तेच, पुड्या तिच्याहून कमी, हजेरी मात्र जास्त. मावशीनं मुकादमाला जाब विचारला. तो म्हणाला, “त्येला घर चालवायचं असतंय, मावशी.”

नवरा गेल्यापासून एकटीनं घर ओढणारी मावशी ताडकन उठली. “आणि म्या काय विमान चालवतोय व्हय रं?” म्हणाली आणि बाहेर पडली.

दिवेलागणीपर्यंत ती उरलेल्या चारही दारांत जाऊन आली. सगळीकडं मुकादमाचा फोन तिच्या आधी पोचला होता. येऊन माझ्या पायरीवर बसली. मी सांगितलं, की मक्तेदारीविरुद्ध कायदा आहे, सारख्या कामाला सारख्या पगाराचाही आहे. आपण अर्ज करू.

“कुठं असतंय त्येंचं हापीस?”

“एकाचं दिल्लीला.”

“आणि तवर चूल कशी पेटवायची, मास्तर?”

वर्गात कुणी असं विचारलं, तर मी पुढचा धडा काढतो. इथं कागद-पेन आणायला आत गेलो.

महिनाभर ती वणवण फिरली. कागलच्या एका कारखान्यानं वय विचारूनच परत पाठवलं. शेवटी जुन्याच फाटकातून आत गेली, नव्यानं लागणाऱ्या बाईला देतात तेवढ्या कमी हजेरीवर. मी अर्ज लिहून ठेवला होता, त्यावर तिनं सही केली नाही. “ह्यातनं बी काढलं तर?” एवढंच म्हणाली.

काल मंडईत भेटली. आपणहून म्हणाली, “अजून सोडलं न्हाय बगा, मास्तर.” आणि हसली, पण माझ्याकडं न बघता मेथीच्या जुड्या खालीवर करत राहिली.