तिसऱ्या मजल्याची तार

गल्लीत त्यांना सगळे केबलकाका म्हणत. गच्च्यांवरून तारा ओढून घरोघर टीव्ही पोचवता पोचवता त्यांचे केस पांढरे झाले. पुढे जाड तारा गेल्या, केसाएवढ्या काचेच्या तारा आल्या, टीव्ही इंटरनेटवरून येऊ लागला. काकांचा हात मात्र तोच. तार भिंतीला घट्ट, कोपऱ्यात काटकोनात, वर क्लिप ठोकून आवळलेली. लोक म्हणत, काम बघावं तर काकांचं.

मग एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चित्र अडकायला लागलं. बातम्या सांगणारी बाई तोंड उघडं ठेवूनच थांबायची.

"आम्ही आता दुसऱ्या कंपनीकडे जातो बरं का," तिथल्या आजींनी सुनावलं.

दुसऱ्या कंपनीत काकांचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. काकांच्याच हाताखाली काम शिकला आणि तिकडे गेला. त्यात वॉचमन म्हणाला, तो परवा इथं येऊन गेला. झालं! काकांच्या डोक्यात किडा वळवळला.

"त्याला घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही. माझ्या तारांत हात घालतोय तो," त्यांनी बायकोला बजावलं.

"अहो, भाऊ आहे माझा."

"म्हणूनच इतके दिवस गप्प बसलो."

ती देवापुढे दिवा लावत होती. काडी विझली, तरी तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका त्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात दबा धरून बसले. मेहुणा आलाच. सरळ गच्चीवर गेला आणि काकांची तारा जोडायची पेटी उघडली. काकांनी मागून जाऊन मनगट धरलं.

"सापडलास!"

"दाजी, सोडा हो. ताई फोनवर रडली म्हणून आलोय. खाली चला, दाखवतो."

त्यानं पेटीतल्या तारेच्या टोकाला तांबडा दिवा जोडला आणि दोघं जिन्यानं खाली आले. जिन्यात तार कुठेच उजळली नव्हती. फक्त तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, क्लिपेखाली, निखाऱ्यासारखा ठिपका पेटला होता.

"काच आहे ती, दाजी. टीव्हीचं चित्र तिच्यातून उजेड बनूनच जातं. इतकी मुरडली की उजेड बाहेर सांडतो. पुढे काय जाणार, कपाळ?"

क्लिप काकांच्याच हातची होती.

"मग परवा कशाला आला होतास?"

"आजींनी नवीन जोडणीसाठी बोलावलं होतं. मी म्हटलं, आहे तीच ठेवा."

"खरं?"

"देवाशपथ."

काकांनी पक्कडीनं क्लिप उपटली, तार सैल, गोल वळवून सोडली. ठिपका विझला.

"घरी जा. ताई वाट बघत असेल," ते म्हणाले. "मी आलोच मागून."

मेहुणा जिना उतरून दिसेनासा झाला, तशी काकांनी आजींची बेल दाबली. दार उघडताच त्यांनी विचारलं, "परवा माझा मेहुणा तुम्हाला नक्की काय म्हणाला?"