हंड्या लावल्या

हे गेले त्यानंतर तीन महिन्यांनी मुलगी इंदूरहून आली आणि तिने बाल्कनीतली खोकी उघडली. आत वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या चार काचेच्या हंड्या होत्या, पितळी साखळ्यांनी छताला टांगायच्या. कधीकाळी त्यांत मेणबत्त्या जळत. निवृत्त झाल्यावर ह्यांना तो नाद लागला. टोपी बाजारात जुन्या सामानाच्या एका दुकानात तासन्‌तास बसायचे आणि वर्षाकाठी एखादी हंडी ई-रिक्षात मांडीवर धरून घरी आणायचे. मी म्हणायची, "फ्लॅटचं छत ते केवढं! येता-जाता डोकं आपटेल माझं." म्हणून त्या खोक्यांतच राहिल्या.

"आई, देऊन टाकूया कोणाला तरी," मुलगी म्हणाली. "तुला तर पसंतच नव्हत्या. बेकार में जागा घेरून बसल्यात."

"लावू या," मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही. 'देऊन टाक' म्हणायलाही तेवढेच श्रम पडले असते.

साखळ्या चिंचेने घासल्या. काचा मी न्हाणीघरात बसून धुतल्या. तिसरी, हिरवी, साबणाच्या हातातून सुटली आणि फरशीवर फुटली. मुलगी धावत आली, तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ह्यांची सगळ्यात आवडती तीच होती. आता रडू येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले. आलं नाही. "चप्पल घालून ये," मी तिला म्हणाले आणि झाडू मागितला.

दुसऱ्या दिवशी हंड्यांत बल्ब बसवून त्या टांगायला नया बाजारातला वायरमन आला. ह्यांच्याच ओळखीचा, वयस्क माणूस. स्टुलावर चढता चढता त्याने विचारलं, "साहब दिख नहीं रहे?"

"नहीं रहे," मी म्हणाले.

तो खाली उतरला. पाणी मागून प्यायला. मग पुन्हा चढला आणि साखळीच्या कड्या काढून ती आखूड करू लागला. "इतनी ऊपर क्यों?" मुलीने विचारलं.

"साहब मेरी दुकान पर आकर बोल गए थे, बिटिया. जब भी लगाओ, भाभीजी का सिर न टकराए."

मुलगी आत निघून गेली. नळ सुरू केल्याचा आवाज आला. मी स्टूल धरून उभी होते. ते डुगडुगत होतं, सोडता येत नव्हतं.

संध्याकाळी तिन्ही लावल्या. लाल हंडीचा उजेड जेवणाच्या टेबलावर पडला आणि ताटातला वरण-भात गुलाबी दिसायला लागला. मुलीचे डोळे सुजले होते. मी नेहमीइतकीच जेवले. समोरच्या फ्लॅटमधली सून दारात आली. "आंटी, कितना सुंदर! कोई फंक्शन है क्या?"

"नहीं, ऐसे ही," मी म्हणाले. तिने फोटो काढले. मी बाजूला सरकून उभी राहिले.

दोन दिवसांनी मुलगी गेली. आता रोज सातला तिचा फोन येतो. "आई, हंड्या लावल्यास?"

"लावल्या," मी अंधारातूनच सांगते. मग फोन ठेवते, उठते आणि लावते.