राइट फील्डला तो उभा असताना

बेसबॉल मला माझ्या मॅनेजरनं शिकवला. तो पुण्याचा, मी नागपूरची, दोघंही सांता क्लाराच्या एकाच कंपनीत. त्याचा मला अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्यांदा स्टेडियमवर नेलं तेव्हा त्यानं मला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या पार उजव्या टोकाला, उभा असलेला जपानी खेळाडू दाखवला. तिशी उलटल्यावर अमेरिकेत आलेला, किरकोळ अंगाचा. म्हणे पहिल्या वर्षी सगळे त्याला हलक्यात घ्यायचे. चेंडू त्याच्याकडे गेला की पहिल्या बेसवरचा धावपटू बिनधास्त तिसऱ्याकडे सुटायचा, आणि हा लांबून असा फेकायचा की धावपटूच्या आधी तिथं चेंडू हजर, आणि धावपटू बाद. दुसऱ्या वर्षापासून कोणी सुटेचना. सगळे दुसऱ्या बेसवर मुकाट थांबायचे. "बघ, हा नुसता उभा असतो आणि ते थांबतात," मॅनेजर कौतुकानं म्हणायचा. मला ते फार आवडलं. मी टेस्टर. सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायच्या आधी डोळ्यांत तेल घालून तपासायचं, हे माझं काम. ते नीट झालं की काहीच घडत नाही.

यंदा सीझनच्या मध्यावरच संघानं त्याला काढलं. का, तर आता त्याच्या फेकीवर कोणी बाद होत नाही! सकाळी कॉफी मशीनपाशी मॅनेजर धुमसत होता. "मूर्ख आहेत यार! तो असताना कोणी पळतच नाही, तर आऊट कोणाला करणार? स्प्रेडशीट बघून टीम चालवतात!" मी मनापासून मान डोलावली.

त्याच दुपारी त्यानं मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. "तुझा इम्पॅक्ट दिसत नाहीये. वर्षभरात प्रॉडक्शनमध्ये, ग्राहकाकडे, एकही मोठा बग नाही. वरचे विचारतात, मग टेस्टर कशाला? तुझी पोझिशन बंद करतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हिसा नोकरीवर, साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. "सकाळी काय बोललास ते आठव," मी म्हटलं. त्याला कळलं. त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. मठ्ठ असता तर माफ केलं असतं. "डिसिजन वरून आलाय यार," म्हणत त्यानं लॅपटॉप मिटला.

पुढच्या शनिवारच्या मॅचची तिकिटं टीमनं आधीच काढली होती. मी मुद्दाम गेले, त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसले. जपानी खेळाडू तोवर मायदेशी परतला होता. त्याच्या जागी एक नवा, धिप्पाड गडी. सहाव्या डावात चेंडू त्याच्याकडे गेला आणि पाहुण्यांचा धावपटू दुसऱ्या बेसवर थांबलाच नाही. फेक पोचली तेव्हा तो तिसऱ्यावर उभा राहून पँटची माती झटकत होता.

आमचं सगळं स्टँड चिडीचूप. मॅनेजरनं कपाळाला हात लावला. मी एकटीच उठून उभी राहिले आणि त्या धावपटूसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.